‘दादा, पक्षी उडवून दाखवू का?’ – कॅमेऱ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात म्हटलं होतं की फोटो काढताना जे काही अडतंय ते बिनधास्त विचारा, आणि तुम्ही विचारलंत, इतकं विचारलंत की निम्मी पत्रं पुढच्या अंकावर ढकलावी लागली. ‘कुठला कॅमेरा घेऊ’वाले सगळे प्रश्न मी बाजूला ठेवलेत, राग मानू नका, त्याचं उत्तर तुमच्या खिशात असतं, माझ्याकडे नाही.

प्रश्न : जानेवारीत भिगवणला गेलो होतो. होडीवाल्याने रोहित पक्ष्यांचा अख्खा थवा आमच्यासाठी उडवून दाखवला, फोटो झकास आले. पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकल्यावर एकाने जाम झापलं. एवढं काय बिघडतं उडवलं तर? आणि दुसरं म्हणजे माझे पक्षी पांढरेफटक आलेत, गुलाबी रंग गेला कुठे? – एक वाचक, पिंपरी

झापणाऱ्याचा सूर कसा होता माहीत नाही, पण मुद्दा त्याचा बरोबर होता. रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, चोच उलटी करून पाणी गाळत गाळत खातो. दिवसाचे तासन्‌तास मान खाली. त्याला उडायचं म्हटलं की आधी पाण्यावर पळत यावं लागतं, मग कुठे तो उचलला जातो, आणि ही मेहनत रविवारी सकाळी दर होडीमागे एकदा करायची म्हटल्यावर त्याने खायचं कधी? उजनीच्या त्या पाण्यावर हा पक्षी हिवाळ्यात येतो तोच खायला.

होडीवाल्यावर खापर फोडू नका. ‘दादा, पक्षी उडवून दाखवू का?’ हे मलाही विचारलंय, आणि पहिल्या वर्षी मी ‘हो’ म्हणालोय, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाईक खूश झालं तर दोन पैसे जास्त मिळतात एवढंच त्याचं गणित. आता मी होडीत बसायच्या आधीच सांगतो की उडवायचं नाही, आणि तेवढ्यासाठी पैसे थोडे जास्त देतो. इंजिन लांबच बंद करायला लावायचं, बांबूने हळूहळू पुढे जायचं आणि मग गप्प बसायचं. सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या आणि थवा एकाच दिशेला चालायला लागला, तर समजायचं आपण फार जवळ आलोय, तिथेच थांबायचं. वीस मिनिटं थांबलात की माना परत खाली जातात आणि खात खात काही पक्षी आपणहून होडीच्या बाजूला सरकतात. त्यातले दोनचार कधीतरी आपल्या मर्जीने उडतातच. पक्षी उडतो तो वाऱ्याकडे तोंड करून, तेव्हा वारा तुमच्या पाठीकडून येत असेल तर तो समोरून पळत येताना मिळतो, शटर १/१६०० सेकंदापेक्षा हळू नको.

रंगाचं म्हणाल तर मोठा रोहित (ग्रेटर फ्लेमिंगो ही जात) मुळात बराचसा पांढराच असतो, गुलाबी मुख्यतः पंखांत. त्यात मागे काळसर पाणी, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो सगळंच उजळ करून टाकतो. एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्म्यावर आणा आणि साडेआठच्या आत काम उरका. मुंबईकरांनी भिगवणपर्यंत यायचीही गरज नाही, ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ पासून आहे, २०२२ मध्ये ती जागा रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही गेली, तिथे फक्त भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून जा. ओहोटीला पक्षी पार लांब चिखलात असतात, पाणी चढायला लागलं की काठाकडे येतात.

प्रश्न : ऑगस्टमध्ये टूरबरोबर केनियातल्या मसाई माराला चाललोय, मी आणि मिस्टर. माझ्याकडे छोटा मिररलेस कॅमेरा आणि ५५-२१० ची लेन्स आहे. मुलगा म्हणतोय ६०० ची मोठी लेन्स घेऊनच जा, मिस्टर म्हणतात त्या पैशात अजून एक ट्रिप होईल. कोणाचं ऐकू? – एक वाचक, कोथरूड

ताई, मिस्टरांचं ऐका, पण अर्धंच. विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. पुण्यामुंबईत लेन्सा दिवसाच्या हिशोबाने भाड्याने मिळतात. १००-४०० ची घ्या (आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), ६०० ची लेन्स हातात धरून तुमचा खांदा दुसऱ्या दिवशी बोलायचा बंद होईल. मारामध्ये सगळं उघडं माळरान आहे, आपल्या जंगलासारखी झाडी मध्ये येत नाही, आणि तिथले प्राणी गाड्यांना इतके सरावलेत की बरेचदा तुमची २१० सुद्धा पुरेल. नेण्याआधी मात्र ती भाड्याची लेन्स आठ दिवस घरी आणून गल्लीतल्या कुत्र्यांचे, घारींचे फोटो काढा. पळता चित्ता समोर असताना बटण शोधत बसलात तर ट्रिपभर चुटपुट लागेल.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक म्हणजे मारा विषुववृत्ताला अगदी लागून आहे, तिथे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, त्यामुळे तो सोनेरी उजेड आपल्याकडच्यापेक्षा लवकर संपतो, जेमतेम अर्धा-पाऊण तास. म्हणजे सकाळी ‘नाश्ता करून निघू’ म्हणणारा ग्रुप असेल तर निम्मी ट्रिप गेलीच म्हणून समजा, डबा बरोबर घेऊन उजाडायच्या आत गेटवर पोचायचा आग्रह धरा. स्वेटर न्या, पहाटे चांगलीच थंडी असते, आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून गेलेले आपले लोक मी शाली मागताना बघितलेत. दुपारी मात्र जमिनीतून वाफा निघतात आणि लांबचा प्राणी पाण्यात हलल्यासारखा दिसतो, तेव्हा लेन्स कितीही महाग असो फोटो मऊच, म्हणजे धूसरच येणार, तो लेन्सचा दोष नाही, तेव्हा झोप काढा.

दुसरी गोष्ट बीनबॅग. कापडी पिशवी शिवून रिकामीच न्या, तिथे गेल्यावर कँपच्या किचनमधून तांदूळ नाहीतर मका मागून भरा, येताना परत करा. गाडीच्या छताच्या कडेवर ही पिशवी आणि तिच्यावर लेन्स, ट्रायपॉड लागत नाही. आत नैरोबीहून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान साधारण १५ किलोच नेऊ देतात, तेही मऊ बॅगेत, आणि त्यात कॅमेराही आला. आणि गाडीत लेन्स बदलायची नाही, धूळ अशी असते की संध्याकाळी दातात कचकच लागते, ती सेन्सरवर बसली की प्रत्येक आभाळात ठिपके.

नदी ओलांडणाऱ्या वाइल्डबीस्टचा (हरणाच्या जातकुळीतला मोठा प्राणी) फोटो सगळ्यांना हवा असतो. कळप काठावर येतो, उभा राहतो, तासभर, दोन तास, एखादा पाय पाण्यात घालतो आणि मग सगळे वळून परत जातात. असं दोनदा झालं की गाडीतले लोक ड्रायव्हरला पुढे घ्यायला सांगतात, आणि समोर गाड्यांची भिंत उभी राहिली की बिथरलेला कळप भलत्याच जागी, उभ्या कड्यावरून उतरतो आणि पाय मोडून घेतो. चित्ता-सिंहाजवळ एका वेळी ५ पेक्षा जास्त गाड्या नकोत असा तिथला नियम आहे, पण ड्रायव्हरवर टिपचं प्रेशर असतं हो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला सांगा की आम्हाला लांबून चालेल. आणि रोज सकाळी एकाच प्राण्याजवळ तासभर बसून बघा. बाकीचे लोक यादी पुरी करत फिरतील, तुम्हाला सिंहीण पिलाला चाटताना, झापड मारताना आणि परत चाटताना मिळेल.

प्रश्न : लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतायत. दुकानदार म्हणतो बुरशी आहे, नवीन घ्या. खरंच का? – एक वाचक, चिपळूण

बुरशी आहे हे खरं, नवीन घ्या हे त्याच्या सोयीचं. माझीही एक लेन्स अशीच गेली होती, आणि ती मी फार जपली होती म्हणून गेली. चामड्याच्या कव्हरात घालून, वर फडकं गुंडाळून, कपाटात अख्खा पावसाळा. गणपतीत बाहेर काढली तर आत नक्षी. चामडं ओल धरून ठेवतं, कपाटात अंधार, हवा हलत नाही, बुरशीला आणखी काय पाहिजे?

नुकती सुरुवात असेल तर चांगला कारागीर लेन्स उघडून साफ करून देतो, फोटोत फरकही पडत नाही. फार दिवस राहिली की ती काचेवरचं कोटिंग खाते, मग साफ केली तरी डाग राहतो आणि उजेड समोर आला की फोटो धुरकट. स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नका. तोवर ती लेन्स बाकीच्यांपासून लांब ठेवा.

पुढचं म्हणजे कोकणात राहून ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं कपाट) परवडत असेल तर लेन्स घेण्याआधी ते घ्या. नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दोनतीनशे रुपयांचा आर्द्रतेचा छोटा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं, त्याहून पार कोरडंही नको. जेलचा रंग बदलला की तव्यावर गरम करून परत वापरता येतं, फक्त तो तवा परत पोळ्यांना घेऊ नका. तांदळात लेन्स ठेवायचा उपाय कोणीतरी सांगेलच, नको, तांदळाची भुकटी आत जाते. आणि सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे पावसाळ्यातही आठवड्यातून दोनदा कॅमेरा बाहेर काढून वापरा.

प्रश्न : भंडारदऱ्याला काजवे बघायला गेले होते. इन्स्टावर झाड नुसतं लखलखत असतं, माझ्या फोटोत काळोख आणि चार ठिपके. माझं काय चुकलं? – एक कॉलेजवाली, कल्याण

तुझं काही चुकलं नाही गं, तुझाच फोटो खरा आहे. इन्स्टावरचं ते झाड एका फोटोत नसतंच. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवायचा, एफ २.८ (लेन्सचं तोंड मोठं उघडं), आयएसओ (कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो ते) १६०० च्या आसपास, वीस-वीस सेकंदांचे तीस-चाळीस फोटो लागोपाठ काढायचे आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. म्हणजे दहाबारा मिनिटांत जेवढे काजवे चमकले तेवढे सगळे एकदम दिसतात. झाडाचा आकार दिसावा म्हणून एक फ्रेम संध्याकाळी पूर्ण काळोख पडायच्या आत काढून ठेवतात, तीही त्यातच. मॅन्युअल फोकस, तोही उजेड असतानाच लावून टेपने चिकटवून टाकायचा. चांदण्याची रात्र नको.

ही काही लबाडी नाही, मीही करतो, फक्त खाली लिहायचं की इतक्या फोटोंचा मिळून आहे. न लिहिल्याने काय होतं ते तुझ्यावरूनच कळतं, पोरं तिथे जाऊन म्हणतात ‘हेच का ते’, आणि मग जास्त दिसावं म्हणून झाडावर टॉर्च मारतात. काजव्याचं ते चमकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. पूर्ण वाढलेल्या किड्याचं आयुष्यच थोड्या आठवड्यांचं, मेअखेर ते पहिला दणकून पाऊस, तेवढ्यात काय ते उरकायचं. त्यात दोनशे गाड्यांचे हेडलाइट. सादड्याच्या एका झाडावर मी हे बघितलंय, अख्खं झाड एका तालात उघडझाप करत होतं, खालून एक गाडी वळली आणि झाड विझलं. परत लय पकडायला बराच वेळ गेला आणि तोवर पुढची गाडी आली. टॉर्च लागतोच, वाटेत विंचू असतात, पण त्याला लाल जिलेटिन पेपर लाव आणि फक्त पायाखाली धर.

खरंखोटंवरून आठवलं. ब्राझीलच्या गवताळ प्रदेशात वारुळांवर एका किड्याच्या अळ्या रात्री चमकतात, वारूळ म्हणजे दिव्यांची इमारतच. अशा वारुळाशी आलेल्या मुंगीखाऊ प्राण्याच्या फोटोला २०१७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, आणि २०१८ मध्ये ते काढून घेतलं, कारण तज्ज्ञांचं मत पडलं की तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला आहे. फोटोग्राफरने ते नाकारलं, पण बक्षीस गेलं ते गेलं. मला त्यात वाईट याचं वाटतं की ते चमकणारं वारूळ एकटंच पुरे होतं की.

प्रश्न : बाल्कनीतल्या मधुमालतीत बुलबुलने घरटं केलंय, तीन अंडी आहेत. मध्ये पानं येतात. थोडी कापली तर चालतील ना? – एक वाचक, सांगली

नाही. एकही नाही. ती पानं तुम्हाला आड येतात तशीच कावळ्याला आणि भारद्वाजालाही आड येतात, म्हणून तर बुलबुलने ती जागा निवडली. कात्री लावलीत की दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं, आणि तुम्ही म्हणणार मांजराने नेलं असेल.

फोटो काढायचाच असेल तर खोलीच्या आतून, पडद्याच्या फटीतून, खोलीतला दिवा बंद, फ्लॅश अजिबात नाही. अंड्यातून पिल्लं यायला साधारण दोन आठवडे लागतात, तोपर्यंत लांब राहा, तिला उठवू नका. पिल्लं आल्यावर पाच मिनिटं, दिवसातून एकदा. आईबाप चोचीत अळी धरून जवळच्या तारेवर बसून ओरडतायत पण घरट्यात जात नाहीत, असं दिसलं तर ते तुमच्यामुळे, मागे सरा. आणि पिल्लं उडेपर्यंत फोटो कुठेही टाकू नका, नाहीतर सोसायटीतली सगळी मंडळी बाल्कनीत.

प्रश्न : म्युनिकला नोकरीला आहे. शनिवारी बाजारात लोकांचे फोटो काढत होतो तर एक आजोबा अंगावरच धावून आले. आपल्याकडे तर लोक पोझ देतात! कायदा काय आहे? – एक वाचक, जर्मनी

आजोबा कायद्याने बऱ्यापैकी पक्के होते. जर्मनीत १९०७ पासूनचा कायदा आहे की माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय पसरवता येत नाही, जाहीर दाखवता येत नाही. मिरवणूक, सभा किंवा एखाद्या जागेच्या फोटोत माणसं अशीच कडेला आली असतील तर सूट आहे, पण तुम्ही लेन्स रोखून एकाचाच चेहरा घेतलात तर ती सूट नाही. नुसता काढून ठेवला तरी भांडण होऊ शकतं. पुसून टाका म्हटलं की समोरच पुसून टाकायचा, वाद घालायचा नाही.

आणि हे वैतागणं जर्मनांपुरतं नाही. क्योटोच्या गिओन भागात गेइशांच्या मागे मोबाईल घेऊन पळणाऱ्या पर्यटकांमुळे खासगी गल्ल्यांत फोटो काढला तर १० हजार येन दंडाच्या पाट्या लागल्या, २०२४ मध्ये काही गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या. त्याच वर्षी फुजी पर्वताजवळच्या एका गावाने तर रस्त्याच्या कडेला अडीच मीटर उंच काळी जाळी ताणली, का, तर एका दुकानाच्या डोक्यावर फुजी दिसतो म्हणून लोक रस्त्यात उभे राहायचे. आपल्या फोटोपायी गावाने स्वतःचाच डोंगर झाकला, काय म्हणायचं!

आपल्याकडे लोक पोझ देतात हे खरं, पण सगळ्यांनाच ते आवडतं असं नाही, बऱ्याच जणांना नाही म्हणायचा संकोच वाटतो. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, होड्यांतून टोपल्या बैलगाडीने पाण्यातून काठावर येतात, रंग, गर्दी, ओरडा, फोटोवाल्याला वेड लागेल असं सगळं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाळूत गुडघे टेकून एका मावशींच्या तोंडासमोर कॅमेरा धरला. त्या कोळंबी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, ‘दिवसभर फोटोच काढतात, मासळी कोन घेत नाही.’ मी कॅमेरा पिशवीत टाकला, अर्धा किलो कोळंबी घेतली, भाव केला, हरलो. मग त्यांनीच विचारलं कुठून आलास, आणि अर्ध्या तासाने त्या शेजारणीशी कशावरून तरी खदखदून हसत होत्या तेव्हा मी विचारलं, काढू का. ‘काड की, आता काय.’ तो फोटो आजही माझ्या भिंतीवर आहे.

म्युनिकच्या बाजारातही हेच करा. एकाच भाजीवाल्याकडून चार शनिवार भाजी घ्या. पाचव्या शनिवारी मोडक्या जर्मनमध्ये विचारा, काढल्यावर स्क्रीन दाखवा, सहाव्या शनिवारी प्रिंट नेऊन द्या. आणि लहान मुलांचा फोटो आईबापाला विचारल्याशिवाय नाही, जर्मनीत काय आणि जालन्यात काय.

झटपट :

रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) की जेपेग (तयार फोटो)? – दोन्ही. कार्ड स्वस्त झालीत.

फोटोतली विजेची तार पुसली तर चालेल का? – घरच्या भिंतीसाठी खुशाल पुसा. स्पर्धेला, मासिकाला पाठवताना नाही. फेब्रुवारी १९८२ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने उभ्या कव्हरवर बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड कॉम्प्युटरवर जवळ सरकवले होते, त्याचं बोलणं ते आजतागायत खातायत.

पक्ष्याचा आवाज मोबाईलवर वाजवून बोलावला तर? – विणीच्या दिवसांत तो बिचारा परका नर आला म्हणून भांडायला येतो, तुम्हाला भेटायला नाही. नको.

प्रश्न : वय ७१. गुडघ्यांमुळे बाहेर जाणं होत नाही. सूनबाईने जुना मोबाईल दिलाय, खिडकीतून शेवग्याचे फोटो काढते. रोज तेच झाड काढायला मुलं हसतात. – एक आजी, सातारा

आजी, हसू द्या त्यांना. तुम्ही पाठवलेले अकरा फोटो मी टेबलावर ओळीने मांडले. तिसऱ्यात शेवगा पूर्ण बोडका आहे, सातव्यात फुलं आहेत आणि त्यात कोपऱ्यात एक शिंजीर, तो चिमुकला मध पिणारा पक्षी, उलटा लटकलाय, तुमच्या लक्षात आला होता का? नवव्यात शेंगा, आणि दहाव्यात खालची शेंगांची फांदी गायब, ती बहुतेक आमटीत गेली. एवढंच करा, खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलने एक खूण करून मोबाईल रोज तिथेच टेकवा म्हणजे झाड जागचं हलणार नाही, काच असेल तर उघडा, मोबाईलची लेन्स पदराने पुसून घ्या, तुमच्या सगळ्या फोटोंवर बोटाचा तेलकट ठसा आहे. आणि शिंजीर परत आला तर झूम करू नका, फोटो फुटतो, आहे तसाच काढा आणि मला पाठवा.